पखवाजाची कणीक

अरे बाबू, दादा गेल्यापासून तू रोज रात्री फोन करतोस आणि गप्प राहतोस. म्हणून लिहून धाडते. केरीतल्या तुझ्या या आत्याने आईवडील, नवरा आणि आता भाऊ पोचवला, तेवढ्यावरचं हे शहाणपण.

आधी कागद. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. पंचायत केरी-तेरेखोलची एकच, पण तुमच्या तेरेखोलहून येताना मध्ये नदी. सुकतीला पाणी उतरलं की फेरीबोट अडते, मग किरणपाणीच्या पुलावरून वळसा. तेव्हा भरती बघून नीघ. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घे. एक-चौदाचा उतारा गोव्याचा आणि रेडीतल्या तुकड्याचा सातबारा महाराष्ट्राचा, दोन्हीकडे वारसांची नावं वेगवेगळी लावावी लागतात. लग्नावेळी वेगळा करार नसेल तर गोव्याच्या कायद्याने निम्मं वहिनीचंच असतं. तिला ते तू स्वतः सांग. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तिला वाटेल, घरात वाटण्या सुरू झाल्या.

तिथी लिहून ठेव. तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते, तिथी विसरते आणि मग दरवर्षी म्हाळाच्या वेळी फोनाफोनी. कालनिर्णयाचं त्या महिन्याचं पान फाडून जप. मागे दुधाचा हिशेब दादाच्या अक्षरात आहे, तोही राहील. पहिल्या वर्षी म्हाळ घालायचा की नाही ते आपल्या भटजींना विचार, व्हॉट्सअपला नको. घालशील तेव्हा वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि तांदळाची खीर एवढंच कर. त्याला खिरीत वेलची चालत नसे. भटजी काही म्हणोत, वेलची घालू नकोस.

फोटो समुद्राकडच्या भिंतीवर लावलाय, तो काढ. तिकडून ओल येते, दोन पावसाळ्यांत काचेआड बुरशी धरेल. ताज्या फुलांचा हार घातलास तर संध्याकाळी उतरव.

अभंगाच्या वह्या सगळ्यात नाजूक. आधी मोबाइलवर पानन् पान टिपून घे आणि मुंबईच्या बहिणीलाही पाठव. मग पावसाळा संपला की सावलीत वारा दे. उन्हात टाकलीस तर शाई उडते. सुकलेला कडुलिंब घालून पत्र्याच्या पेटीत ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. मुलांनी त्यात रेघोट्या मारल्या असतील तर खोडू नकोस, नातवंडं मांडीवर घेऊनच तो लिहायला बसायचा.

आणि पखवाज. तो देवघरात फुलं वाहून ठेवणार असशील तर मला राग येईल. खाऱ्या हवेत न वाजणारं कातडं सैल पडतं. भजनी मंडळींना दे, पण एक सांगून दे: भजन संपलं की डाव्या पुडीवरची कणीक तिथल्या तिथे खरवडून काढायची. राहिली तर झुरळं पुडी कुरतडतात. दादा घरी परतायला उशीर करायचा तो याच कामामुळे. आपण समजायचो, देवाच्या नादात बसलाय!

त्याचं सगळं व्रत एकट्याने उचलू नकोस. एकादशी, गुरुवारचा उपास, पहाटेची पूजा, तिन्ही धरशील आणि चार महिन्यांत तिन्ही सोडशील. मी नवऱ्यामागे तेच केलं होतं. संध्याकाळचा दिवा तेवढा तू घे. तुळशीचं पाणी तुझ्या धाकटीला दे, तिला तो हात धरून न्यायचा. किल्ल्यातल्या सांत आंतोनीच्या फेस्ताला तो शेजाऱ्यांबरोबर मेणबत्ती घेऊन जायचा, तेही कुणीतरी चालू ठेवा. त्यांनी सुतकात तुमच्याकडे पेज पोचवली आहे.

येत्या एकादशीला सुकतीआधीची फेरी पकड. पखवाज घेऊन ये, कणीक मी भिजवून ठेवते.