दोन डींनी चुकवलेलं स्टेशन

उत्तर वेल्समधल्या कॉन्वी व्हॅली रेल्वेवर काही स्टेशनांत गाडी आपण होऊन थांबत नाही. उतरायचं तर गार्डला आधी सांगावं लागतं. मला डोलविदेलनचा किल्ला पाहायचा होता. पण नावाच्या स्पेलिंगमधले लागोपाठचे दोन डी पाहून माझी जीभच उचलेना. गार्ड दोनदा शेजारून गेला. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. स्टेशन गेलं, मग दोन मैलांहून लांब बोगदा, आणि उजेड दिसला तो थेट ब्लायनाय फेस्टिनिऑगच्या स्लेटच्या ढिगाऱ्यांत. ओशाळून चहा शोधायला गेलो, तेवढ्यात तीच गाडी परत फिरली. पुढची तीन तासांनी.

चहाच्या दुकानातल्या बाईंनी त्या तीन तासांत वेल्श उच्चारांची शाळा घेतली. दोन डी म्हणजे जिभेचं टोक दातांत अलगद धरून काढलेला द. एक एफ म्हणजे व, दोन असतील तर फ. डब्ल्यू बऱ्याचदा चक्क स्वर, उ. म्हणून जवळच्या गावाचं नाव बेट्स नव्हे, बेतुस. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. दोन एल दिसले की आपल्याला वाटतं, ळ असेल. मुळीच नाही. ल म्हणायला लावतो तशी जीभ लावायची आणि आवाज न काढता बाजूने हवा सोडायची. मला अजून जमत नाही. ह्ल म्हणतो, लोक चालवून घेतात.

रस्त्यावर वळणावळणाला 'आरव' रंगवलेलं असतं. ते कुणाच्या नातवाचं नाव नाही. 'सावकाश' असा अर्थ. स्वच्छतागृहाच्या दारावर 'मेर्खेद' म्हणजे महिला. म वरून म लक्षात ठेवा, फजिती टळेल. 'डन्यॉन' पुरुषांचं. सकाळी 'बोरे दा', निघताना 'दीओल्ख', म्हणजे आभार. यातला ख उर्दूतल्या 'खबर'सारखा घासून.

एक गंमत: वेल्सचं वेल्श नाव 'कम्री', पण सीमेवरच्या स्वागतफलकावर 'ग्म्री'सारखं काहीतरी दिसतं. चूक नव्हे. आपलं सामान्यरूप शब्दाची शेपटी बदलतं, त्यांचं डोकं बदलतं. नकाशात नाव सापडलं नाही, तर पहिलं अक्षर बदलून पाहा.

परतीच्या गाडीत गार्ड दिसताच मीच उठून म्हणालो, "डोलविदेलन." दे वर जोर देऊन. त्याने मान हलवली. किल्ला पाहून फलाटावर आलो तेव्हा गाडी येताना दिसली. तिथे आपली जुनी 'हात दाखवा, एसटी थांबवा' पद्धतच चालते.