छातीतील धडधड व तिचे भय

आपले हृदय चालत आहे याचे भान मनुष्यास सहसा नसते; ते भान एकाएकी झाले म्हणजे तो घाबरतो. आमच्या मंडळ्यांत अशी कित्येक भावंडे आहेत की, ज्यांस स्वस्थ बसले असताही छातीत धडधड सुरू होते, घाम सुटतो, व आता प्राण जातो असे वाटते. ती निवाली तरी पुन्हा येईल या धास्तीने कोणी बाजारास एकटे जात नाहीत, कोणी उपासनेत दाराजवळच बसतात. शेजारी अशांस "बाहेरचे झाले" म्हणून भगताकडे नेतात; आणि, सांगण्यास खेद वाटतो, कोणी उपदेशक त्यांस अल्पविश्वासी ठरवितात. हे दोन्ही अन्यायच होत.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक लहानसा पेशीपुंज आहे. कीथ व फ्लॅक या विद्वानांनी तो १९०७ साली दाखवून दिला. तोच ठोक्यांचा ताल धरितो. प्रौढ मनुष्य स्वस्थ असता मिनिटास साधारण ६० ते १०० ठोके पडतात. भय, ज्वर किंवा श्रम यांनी ते वाढतात, पण बहुधा चढत चढत वाढतात व तसेच उतरतात. याहून निराळी एक धडधड आहे. तीत हृदयातील विजेचा संदेश आडवाटेने फेऱ्या घालू लागतो. वेग एका क्षणात १५० ते २२० पर्यंत जातो, आणि दिवा मालवावा तसा एकाएकी थांबतो. ही भयापासून उपजत नाही. भय हिच्यापासून उपजते.

दोहोंची गफलत शिकलेल्यांकडूनही होते. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या १०७ रोग्यांच्या पाहणीत निम्म्याहून अधिकांचा हा विकार पहिल्या तपासणीत ओळखला गेला नव्हता. पुष्कळांस चिंतेचा रोग म्हणून सांगण्यात आले होते. याचे कारण असे की, रोगी दवाखान्यात पोहोंचेपर्यंत धडधड थांबलेली असते, आणि मग हृदयाचा आलेख, ज्यास ईसीजी म्हणतात, निर्दोष निघतो. निर्दोष आलेख त्या घटकेपुरताच साक्ष देतो, त्याआधीच्या घटकेची नव्हे.

म्हणून एक वही ठेवावी. धडधड होताच मनगटाची नाडी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजावी. ठोके फार जलद असल्यामुळे मोजता न आले, तर तेही लिहावे. केव्हा सुरू झाली, एकदम की हळूहळू, ठोके सारखे की वेडेवाकडे, किती वेळ टिकली, एवढे पुरे. घाबरलेल्यास स्वतः मोजणे जड जाते. तेव्हा घरातील दुसऱ्या कोणी मोजावे. मोजणाऱ्याचा शांत हात हेही एक औषधच आहे.

विकार ओळखला गेला म्हणजे उपाय आहेत. २०१५ सालच्या इंग्लंडातील परीक्षेत, १५ सेकंद जोराने फुंकून लगेच उताणे निजविले व पाय उचलून धरले असता १०० पैकी ४३ जणांचा ताल एका मिनिटात ठिकाणावर आला. नुसत्या फुंकण्याने १७ जणांचा. ही रीत डॉक्टरांकडूनच शिकून घ्यावी. वारंवार त्रास होणाऱ्यांची ती आडवाट शिरेतून नळी नेऊन बंद करिता येते, व बहुतेकांस कायमचा गुण येतो.

ज्यांची धडधड खरोखर चिंतेचीच आहे, त्यांचे दुःखही खोटे नव्हे. त्यांनी श्वास सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. भयाने टाकलेली कामे एकेक करून पुन्हा हाती घ्यावी. प्रथम सोबतीने, मग एकट्याने. स्त्रियांनी रक्त अवश्य तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींस रक्तक्षय आढळला, आणि रक्त कमी असले की हृदय धावते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा विकार, कडक चहा व मिसरी यांचाही विचार व्हावा.

मात्र धडधडीबरोबर मूर्च्छा आली, छातीत कळ उठली किंवा दम लागला, तर वही लिहीत बसू नये. १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी. वही मागाहून कोणी घेऊन जावी.