शिक्षकाची उमेद आणि गावाची शाळा

१९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षणाची धुरा त्यांच्याकडे आली. वाडीवस्तीवर शाळा पोहोचली, हे या व्यवस्थेचे मोठेच यश होय. मात्र तेथे मनापासून शिकवणारा शिक्षक लाभणे व टिकणे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजेच लहान गावात चार-पाच इयत्तांचा भार दोघांवर पडतो. त्यांतील एक जण बैठकीस गेला की सारी शाळा दुसऱ्याच्या हवाली होते. याच कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक एवढीच शिक्षणेतर कामे शिक्षकांसाठी मान्य केली आहेत, याचे स्मरण सर्व कार्यालयांनी ठेवावे.

अर्थार्जनाचाही विचार आवश्यक आहे. नवा शिक्षक प्रारंभी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करतो. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली दरमहा ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये करण्यात आले.

परंतु या पेशाची प्रेरणा केवळ पैशांत नसते. काल अक्षर न ओळखणारे मूल आज वाचू लागते, हा आनंद तिच्या मुळाशी असतो. तो लाभण्यासाठी शिक्षकास वर्गात वेळ मिळाला पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीने व पंचायत सदस्यांनी शिक्षकांचे किती दिवस वर्गाबाहेर गेले, याची दरमहा नोंद ठेवून ती गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे मांडावी. शिक्षकाचा वेळ राखणे म्हणजेच त्याची उमेद राखणे होय.