लावलेले झाड राखावे कसे?

जुलै महिना आला की वनमहोत्सव येतो. आपल्या देशात हा उत्सव १९५० सालापासून चालू आहे. त्या वेळचे केंद्रीय शेतीमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो सुरू केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात गावोगाव खड्डे खणतात. रोपे लावतात. मुलांना खाऊ मिळतो. मंडळी घरी जातात.

मग पुढे काय होते? पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात पुन्हा नवे रोप लावतात! तुमच्या गावी असे झाले आहे का? आमच्या गावी झाले आहे.

झाड लावणे हे एका दिवसाचे काम. झाड राखणे हे रोजचे काम. ते कसे करावे, हे या धड्यात पाहू.

झाडांची वाडी

आमच्या गावाच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला, झाडांची एक वाडी आहे. ती फळबाग नाही आणि जळणाचे रानही नाही. आपल्या मुलखात उगवणारी तऱ्हेतऱ्हेची झाडे तिथे एकेक, दोनदोन अशी लावली आहेत. हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन, मोह, बिब्बा, पळस, पांगारा, काटेसावर, तामण, बकुळ, आपटा, कांचन अशी किती नावे सांगावी! अशा जागेला झाडांचा संग्रह म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मग ही देवराईच झाली. नाही. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, असा जुना दंडक असतो. तिथली झाडे आपली आपण उगवतात, आपली आपण वाढतात. वाडीतली झाडे माणसाने आणून लावली आहेत. त्यांना माणसाचा हात लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. शेतात ज्वारीची दहा ताटे मेली तर पीक बुडत नाही. संग्रहाचे तसे नसते. तिथे एका जातीचे एकच झाड असते. ते गेले की ती जातच वाडीतून गेली.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या हातून ते घडले आहे.

टेटू कसा गेला

टेटू नावाचे झाड तुम्ही पाहिले आहे का? त्याची शेंग हातभर लांब आणि तलवारीसारखी चपटी असते. तिच्यात कागदासारखे पातळ पंख असलेले बी असते. वाऱ्यावर ते दूर उडत जाते. वैद्य लोक ज्याला दशमूळ म्हणतात, त्या दहा मुळांपैकी एक टेटूचे. मुळांसाठी लोक झाड खणून नेतात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ते दुर्मीळ झाले आहे.

आमच्या वाडीत एकच टेटू होता. जवळच्या टेकडीवरून बी आणून तो वाढवला होता. सहा वर्षांत चांगला दोन पुरुष उंच झाला होता.

वाडीची राखण एक बाई करतात. सगळे गाव त्यांना मावशी म्हणते. झाडांभोवतीचे गवत त्या विळ्याने कापत. एका वर्षी पाऊस फार झाला. गवत कमरेइतके वाढले. आम्ही म्हटले, यंत्र आणू. ते यंत्र आता सगळीकडे मिळते. त्याच्या टोकाला नायलॉनची दोरी असते. ती गरगर फिरते आणि गवत कापते. अर्ध्या दिवसात वाडी साफ झाली. आम्हांला मोठा आनंद झाला.

दोन दिवसांनी मावशी म्हणाल्या, “गुरुजी, टेटूची साल बुडाशी सोलली बघा. समद्या बाजूनं.”

आम्ही वाकून पाहिले. बोटभर रुंदीचा पट्टा खोडाभोवती सोलला होता. वर पाहिले तर पाने हिरवीगार. आम्ही म्हणालो, “जरा खरचटलंय मावशी. येईल भरून.”

मावशी काही बोलल्या नाहीत.

दिवाळीपर्यंत टेटू हिरवा होता. मग त्याची पाने गळाली. टेटूची पाने दरवर्षी गळतातच. त्यामुळे आम्हांला शंका आली नाही. वैशाखात शेजारच्या झाडांना पालवी फुटली. टेटूला फुटली नाही. मावशींनी नखाने साल खरवडली. जिवंत झाडाची साल खरवडली की आत हिरवे, ओले दिसते. टेटू आतून वाळलेला होता.

“आत हिरवं न्हाई, गुरुजी,” त्या म्हणाल्या.

मुळातून एखादा फुटवा येईल म्हणून आम्ही पुढचा सारा पावसाळा वाट पाहिली. आला नाही.

यात यंत्राचा दोष नाही. यंत्र चालवणाऱ्या मुलाचाही नाही. झाडाच्या बुडापाशी यंत्र नेऊ नये, हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. आणि मावशींनी दाखवले ते आम्ही मनावर घेतले नाही.

साल म्हणजे काय?

झाड लगेच का मेले नाही? याचे कारण समजून घेऊ.

मुळे जमिनीतून पाणी ओढतात. ते पाणी लाकडातून वर पानांकडे चढते. पाने उन्हाच्या मदतीने अन्न तयार करतात. ते अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. म्हणजे वर जायची वाट लाकडातून आणि खाली यायची वाट सालीतून.

साल सभोवार तुटली की खालची वाट बंद होते. वरची वाट काही काळ चालू राहते. म्हणून पाने हिरवी दिसतात. मुळांना मात्र अन्न पोचत नाही. साठवलेले अन्न संपले की मुळे उपाशी मरतात. मग झाड वाळते. जखम श्रावणातली असते आणि मरण दिसते वैशाखात.

साल एका बाजूनेच गेली असेल तर झाड बहुधा वाचते. पूर्ण वेढा बसला तर वाचणे कठीण. म्हणून झाड पाहताना आधी शेंडा पाहू नका. आधी बूड पाहा.

सकाळची फेरी

आता आमच्या वाडीत रोज सकाळी फेरी असते. आज काही झाडे, उद्या पुढची काही, असे करत आठवड्यात सगळी झाडे पाहून होतात. लहान झाडे मात्र रोज पाहायची. प्रत्येक झाडाजवळ पाच गोष्टी पाहायच्या.

पहिली गोष्ट बूड. साल फाटली आहे का? शेळीने ओरबाडली आहे का? मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आली असे समजावे. नळ्या खरवडून टाकाव्यात. झाडाभोवती हातभर जागेतले गवत खुरप्याने किंवा हाताने काढावे. तिथे यंत्र नेऊ नये. खोडाला माती किंवा पाचोळा टेकवून ठेवू नये. साल कुजते.

दुसरी गोष्ट बांधणी. रोपाला आधाराची काठी असते. ती सुतळीने सैल बांधावी. रोप आणि काठी यांच्यामध्ये सुतळीला एक पीळ द्यावा. म्हणजे काठी खोडावर घासत नाही. तार कधीही वापरू नये. खोड जाड होत जाते, तार जाड होत नाही. ती सालीत रुतते आणि टेटूसारखाच वेढा बसतो. झाड आपल्या बळावर उभे राहिले की काठी काढून टाकावी.

तिसरी गोष्ट आळे. पाणी खोडावर ओतायचे नसते. पाणी पिणारी मुळे खोडापासून दूर पसरतात. म्हणून झाड वाढेल तसे आळेही मोठे करत जावे. खुरप्याने चार बोटे माती उकरून पाहावी. आत ओल असेल तर पाणी घालू नये. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा काही दिवसांनी घागरभर घालावे. थोडे पाणी वरच्या वर सुकते. पुष्कळ पाणी खोल जाते, आणि मुळेही त्याच्या मागे खोल जातात.

चौथी गोष्ट पाने आणि फांद्या. वेल चढला आहे का? आंब्यावर बांडगूळ आले आहे का? बांडगुळाची फळे पक्षी खातात आणि त्याचे बी दुसऱ्या फांदीवर टाकतात. म्हणून फळ धरण्याआधीच बांडगूळ फांदीच्या तुकड्यासकट कापावे.

पाचवी गोष्ट पाटी. नंबर जागेवर आहे का? वाचता येतो का?

जे दिसेल ते लगेच वहीत लिहायचे. पेन्सिलीने लिहायचे. पावसात शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही.

ऋतूप्रमाणे कामे

पावसाळ्यात तण फार माजते. गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटावे. त्याने अंगाला खाज सुटते, म्हणून हातात मोजे घालावेत. घाणेरीची झुडपे लहान असतानाच खणून काढावीत. आळ्यात पाणी तुंबले असेल तर वाट करून द्यावी.

पाऊस संपला की जमिनीत ओल असते. ती राखावी. झाडाभोवती तीन-चार इंच जाड पाचोळा पसरावा. खोडापासून मात्र वीतभर दूर ठेवावा. आमच्याकडे पूर्वी पाचोळा गोळा करून पेटवत. आता पेटवत नाही. पाचोळा उन्हाने जमीन तापू देत नाही. कुजला की खत होतो.

वाळलेली किंवा मोडलेली फांदी करवतीने काढावी. मोठी फांदी एका कापात तोडू नये. ती आपल्या वजनाने खाली येते आणि बुंध्याची साल सोलून नेते. पहिला काप बुंध्यापासून वीतभर अंतरावर, खालच्या बाजूने द्यावा. तो फांदीच्या पाव जाडीइतका असावा. दुसरा काप त्याच्या थोडा बाहेर, वरून द्यावा. फांदी पडली की उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा. फांदीच्या बुडाशी फुगीर वळी असते. ती कापू नये. तिथूनच नवी साल येते आणि जखम झाकते. वर डांबर फासायची गरज नाही.

माघ-फाल्गुनात आगीची भीती असते. वाडीच्या चारी बाजूंनी पाच-सहा हात रुंद पट्टा गवत काढून मोकळा ठेवावा. याला जाळरेषा म्हणतात. विडी ओढणाऱ्याला आत येऊ देऊ नये, मग तो पाहुणा असो की पुढारी.

उन्हाळ्यात लहान झाडांशेजारी कोरे मडके गळ्यापर्यंत पुरावे. त्यात पाणी भरून तोंड झाकावे. मडके हळूहळू पाझरते. मुळांना लागेल तसे पाणी मिळते.

नोंदवही

आमच्या वाडीत प्रत्येक झाडाला नंबर आहे. नोंदवहीत त्या नंबरापुढे झाडाचे नाव, बी कुठून आणले, केव्हा लावले, खोडाचा घेर किती, हे सारे लिहिलेले असते. घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप गुंडाळून मोजतात. दरवर्षी एकाच उंचीवर मोजला तरच वाढ कळते.

नाव जपून लिहावे. दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. पुष्कळ लोक आपटा समजून कांचनाची पाने ओरबाडतात. दोघांची पाने जोडलेली, पण झाडे वेगळी. ऐनाला काही ठिकाणी सादडा म्हणतात आणि अर्जुनाला अर्जुनसादडा. गाव बदलले की नाव बदलते. म्हणून गावच्या नावाशेजारी शास्त्रीय नावही लिहावे. ते सगळ्या जगात एकच असते. दोन शब्दांची ही पद्धत लिनिअस नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने १७५३ साली झाडांना लावून दिली. आपट्याचे शास्त्रीय नाव बौहिनिया रेसिमोसा.

नोंदवहीचा उपयोग काय, ते आम्हांला टेटूनेच शिकवले. टेटू मेल्यावर आम्ही वही उघडली. बी कोणत्या टेकडीवरून आणले ते लिहिले होते. मावशी आणि आम्ही टेकडीवर गेलो. तिथे टेटू उरला नव्हता. मुळांसाठी कुणीतरी खणून नेला होता. नुसता खड्डा होता.

आम्ही खाली मान घालून परत आलो. रात्री पुन्हा वही चाळली. एका ओळीत लिहिले होते, “टेटूची दोन रोपे शेजारच्या गावच्या शाळेला दिली.” ते आम्ही पार विसरून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. एक रोप मेले होते. दुसरे शाळेच्या विहिरीमागे उभे होते.

ते झाड अजून फुललेले नाही. फुलले, शेंग धरली, तर बी मिळेल. आम्ही वाट पाहत आहोत. शाळेच्या शिपायाला आम्ही एकच गोष्ट सांगून आलो आहोत : बुडापाशी यंत्र नेऊ नका.

आठवा आणि सांगा

१. देवराई आणि झाडांचा संग्रह यांत फरक काय?
२. साल सोलल्यावरही टेटूची पाने हिरवी का राहिली?
३. रोप बांधायला तार का वापरू नये?
४. मोठी फांदी तीन कापांत का काढावी?
५. नोंदवही नसती तर काय झाले असते?

करून पाहा

तुमच्या गावी गेल्या वर्षी लावलेल्या पाच झाडांपाशी जा. प्रत्येकाचे बूड वाकून पाहा. जे दिसेल ते तारीख घालून वहीत लिहा. एखाद्या झाडाला तार किंवा दोरी रुतत असेल तर घरी येण्याआधी ती सोडवा.