दाताचा फोटो काढताना

पोरी, डॉक्टर म्हणाले की दाढेचा एक्स-रे फोटो काढू, तर आधी एवढंच विचार: यात काय बघायचंय? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. मुळाशी पू झालाय का, कीड नसेपर्यंत पोचलीय का, अक्कलदाढ आडवी आहे का, असं काहीतरी नेमकं उत्तर मिळतं. ते मिळालं की निमूट खुर्चीत बस. ‘आमच्याकडे सगळ्यांचाच काढतो’ असं ऐकू आलं, तर मात्र पुन्हा विचार. आयुष्यभर लोकांचे दात बघितल्यावर तुला सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते हेच.

प्रश्न कळला की कोणता फोटो हवा तेही कळतं. एका-दोन दातांचा छोटा फोटो म्हणजे आयओपीए. तोच सेन्सरने काढून लगेच पडद्यावर दिसतो, त्याला दवाखान्यात आरव्हीजी म्हणतात. मशीन डोक्याभोवती फिरून सगळी बत्तिशी आणि जबडा एका पट्टीत दाखवतं, ते ओपीजी. आणि सीबीसीटी जबडा तिन्ही अंगांनी दाखवतं; इम्प्लांट बसवायचं असेल किंवा अक्कलदाढेचं मूळ खालच्या जबड्यातल्या नसेला टेकलंय अशी शंका असेल, तेव्हा ते खरंच लागतं. साध्या ठणक्यासाठी सीबीसीटी सांगितलं, तर कारण समजून घे.

दोन दाढा एकमेकींना टेकतात, तिथली कीड आरशात दिसत नाही आणि डॉक्टरांच्या डोळ्यालाही सहज दिसत नाही. त्यासाठी पट्टी चावून धरायचा एक फोटो असतो, बाइटविंग. आपल्याकडे तो फार कमी काढला जातो, आणि मला याचं वाईट वाटतं. कारण कीड दाताच्या वरच्या कवचात असतानाच कळली, तर फ्लोराइड आणि नीट सफाईने ती पुष्कळदा तिथेच थांबवता येते. दाढ ठणकायला लागेपर्यंत गोष्ट रूट कॅनलवर गेलेली असते. तुझ्या मुलांच्या दाढा चिकटून असतील, तर या फोटोबद्दल तू स्वतःहून विचार. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते, ती कायमची असते. तिला दुधाची समजून सोडून देऊ नकोस.

फोटोवर विश्वास ठेव, पण त्याच्या मर्यादा ओळखून. कीड त्यात दिसते त्याहून प्रत्यक्षात मोठी असते, कारण दातातली बरीच खनिजं गेल्याशिवाय फोटोत काळं उमटत नाही. मुळाशी असलेल्या पुवाचंही तसंच. हाड पुरेसं झिजल्यावरच सावली दिसते. त्यामुळे तुझ्या सासूबाईंचा ठणका कालच सुरू झाला आणि फोटो स्वच्छ आला, तर त्यांचं दुखणं खोटं ठरवू नका. डॉक्टर दातावर टकटक करून, गार लावून बघतील. उभी बारीक चीर गेलेली दाढसुद्धा फोटोत बहुतेक वेळा निरोगी दिसते.

किरणांची भीती मनातून काढ, काळजी मात्र ठेव. १८९६ च्या जानेवारीत जर्मनीत ऑटो वॉकहॉफ यांनी स्वतःच्या दाढांचा फोटो घेतला, तेव्हा २५ मिनिटं किरणांसमोर थांबावं लागलं होतं. आता सेकंदाचा छोटासा अंश पुरतो. एका छोट्या डिजिटल फोटोत मिळणारे किरण साधारण एका दिवसात निसर्गातून आपल्याला मिळतात तेवढे किंवा त्याहूनही कमी असतात. ओपीजीत त्याहून जास्त आणि सीबीसीटीत बरेच जास्त, म्हणून तर कारण विचारायचं. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांग. पण गरजेचा फोटो टाळून पू अंगावर काढू नकोस. आणि फिल्म तोंडात धरायला दवाखान्यातल्या मुलीला बोट घालू देऊ नकोस. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी वर्षानुवर्षं हात किरणांसमोर धरला. त्यांना हाताचा कर्करोग झाला आणि बोटांपासून सुरू होऊन अखेर हात गमवावा लागला. धारक वापरायचा, नाहीतर पेशंटनेच धरायचं. मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो बघायला मागण्यात संकोच कसला?

जुने फोटो जपून ठेव. हिरड्यांच्या आजारात हाड किती खाली गेलं, हे दोन वर्षांपूर्वीच्या फोटोशेजारी आजचा ठेवल्यावरच समजतं, आणि घरात मधुमेह असेल तर याची गरज जास्तच. रूट कॅनल केल्यावरही सहा महिन्यांनी, वर्षाने फोटो काढून मुळाशी हाड भरतंय का ते बघतात. मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून आणू नकोस, त्यात बारकावे पुसले जातात. मूळ फाइल माग आणि तारीख लिहून ठेव.

आता सासूबाईंसाठी खास. त्या मिश्री लावतात. गालाच्या आतला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, या मऊ भागातल्या गोष्टी दाताच्या फोटोत उमटत नाहीत. तंबाखू, गुटखा, सुपारी खाणाऱ्याचं तोंड कमी उघडायला लागलं, तर तेही फोटो सांगत नाही. तेव्हा फोटो झाला की डॉक्टरांना म्हण, आता दोन्ही गाल आतून आणि जीभ उचलून खालूनही बघा.