चुरस शोधाची, सॉफ्टवेअर सगळ्यांचं

प्रश्न : खगोलशास्त्रातले गट नव्या शोधासाठी एकमेकांशी चुरस करतात. मग तेच लोक सॉफ्टवेअर एकत्र कसं लिहितात? आणि त्यात चूक राहिली तर सगळ्यांचीच गणितं चुकणार नाहीत का?

उत्तर : चुरस असते ती ताऱ्याबद्दल नवं काय सांगता येतं याची. ताऱ्याचं आकाशातलं स्थान काढणं, निरीक्षणाची वेळ अचूक धरणं, दुर्बिणीकडून आलेली फाइल उघडणं ही कामं सगळ्यांना सारखीच पडतात. पायथन ही संगणकभाषा खगोलशास्त्रात रुजू लागली तेव्हा वेगवेगळ्या गटांनी यासाठी आपापले प्रोग्रॅम लिहिले होते. एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नसे. म्हणून २०११ मध्ये ‘ॲस्ट्रोपाय’ हा सामायिक प्रकल्प सुरू झाला. हबल दुर्बिणीचं वैज्ञानिक कामकाज पाहणाऱ्या बाल्टिमोरच्या संस्थेचा ‘पायफिट्स’ हा फाइल वाचणारा प्रोग्रॅमही त्यात सामील झाला.

चुकीची तुमची शंका रास्त आहे. पण एकट्याच्या संगणकात पडून असलेल्या प्रोग्रॅमातली चूक वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही. ॲस्ट्रोपायमध्ये सुचवलेला प्रत्येक बदल सगळ्यांसमोर उघडा असतो. आधी संगणक त्यावर चाचण्या चालवतो, मग दुसरा कुणी जाणकार तो ओळ न् ओळ वाचतो, खोदून खोदून प्रश्न विचारतो. एककांच्या चुकीचंच पाहा : मंगळाकडे गेलेलं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यान १९९९ मध्ये नष्ट झालं, कारण एका चमूचे आकडे पौंडांत होते आणि दुसऱ्यानं ते न्यूटनमध्ये धरले. ॲस्ट्रोपायमध्ये आकड्याला त्याचं एकक जोडून ठेवता येतं. मीटरमध्ये सेकंद मिळवायला गेलात, तर प्रोग्रॅम तिथेच अडवतो.

मला काळजी वाटते ती माणसांची. संशोधकाची नोकरी शोधनिबंधांवर ठरते. दुसऱ्यांच्या ओळी तपासण्यात महिने घालवणाऱ्या तरुण मुलीनं मुलाखतीत काय दाखवायचं? ॲस्ट्रोपायच्या चमूनं २०१३ मध्ये सॉफ्टवेअरवरच शोधनिबंध प्रसिद्ध केला, म्हणजे वापरणाऱ्याला त्याचा संदर्भ देता यावा. पुढे हजारो निबंधांत तो दिला गेला. हे चांगलंच झालं, पण तेवढ्यानं देखभाल करणाऱ्याचा पगार निघत नाही. दुर्बीण उभारायचा खर्च मंजूर होतो, त्याच कागदावर सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसांची कायमची पदंही मंजूर व्हायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.