पैनगंगेच्या काठाने

नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी आगगाडी मुदखेड, भोकर, हिमायतनगर ही स्थानके मागे टाकते, तसा खिडकीबाहेरचा देखावा पालटू लागतो. काळी शेते विरळ होतात, टेकड्या जवळ सरकतात आणि रुंद पानांचे सागवृक्ष रुळांच्या दोन्ही अंगांना दाटीने उभे दिसतात. महाराष्ट्र व तेलंगण यांच्या सीमेवरील हा मुलूख म्हणजे किनवट तालुका. मराठवाड्यात पाहण्याजोगे काय, असे विचारले तर बहुतेक जण वेरूळ आणि अजिंठा यांची नावे घेऊन थांबतात. किनवटचे नाव फारसे कोणी घेत नाही. वास्तविक नदी, अरण्य, गड, देवस्थान आणि ऊन पाण्याचे झरे इतके सगळे थोड्या टापूत एकत्र आढळावे, असे भाग्य फार थोड्या प्रदेशांना लाभले आहे.

या सगळ्यांना एका सूत्रात ओवते ती पैनगंगा. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत ही नदी उगम पावते आणि पुढे बऱ्याच अंतरापर्यंत विदर्भ व मराठवाडा यांच्या मधून वाहते. किनवट शहर तिच्याच काठी वसले आहे. पलीकडच्या तीरावर यवतमाळ जिल्हा. नकाशावर ती दोन प्रदेशांची सीमा दिसते. परंतु बाजाराच्या दिवशी दोन्ही तीरांची माणसे एकाच ठिकाणी जमलेली पाहिली म्हणजे ही सीमा कागदापुरतीच आहे, असे वाटू लागते.

किनवटच्या बाजारात कान देऊन उभे राहणे, हेही एक प्रेक्षणीय स्थळ पाहण्यासारखेच आहे. एकजण मराठीत भाव विचारतो, दुसरा तेलुगूत उत्तर देतो, शेजारी बंजारा स्त्रिया आपल्या गोरमाटी बोलीत बोलत असतात, आणि मधूनच गोंडी वा कोलामी शब्द ऐकू येतो. याला इतिहासाचे कारण आहे. हा तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थानातील निजामाची राजवट संपली. पुढे 1956 साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट नांदेड जिल्ह्याला जोडले गेले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्यात आले. राज्याची सीमा बदलली. पण आजीच्या तोंडची भाषा सरकारी हुकमाने बदलत नसते. गोंडी व कोलामी या भाषा तेलुगूप्रमाणेच द्रविड कुळातील आहेत. त्यामुळे येथल्या कित्येक मुलांना मराठी ही शाळेत गेल्यावर शिकावी लागते, हे मराठी घरातल्या मुलांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

किनवटला पोहोचण्यापूर्वीच सहस्रकुंड नावाचे रेल्वेस्थानक लागते. हे नाव ज्या धबधब्यावरून पडले, तो इस्लापूरजवळ पैनगंगेवर आहे. शांतपणे वाहत आलेली नदी येथे एकाएकी काळ्या कातळाच्या कड्यावरून खाली झेप घेते. कातळ सलग नाही. शतकानुशतके पाण्याने तो झिजवला, फोडला, त्यात खाचा व कुंडे पाडली. म्हणून पाणी एका पडद्यासारखे न कोसळता असंख्य धारांनी पडते, आणि त्यावरूनच हे सहस्रकुंड. श्रावणात येथे आले तर तुषारांचे धुके दूरवर पसरलेले असते, आणि शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. काठावर महादेवाचे मंदिर आहे.

परंतु हेच सहस्रकुंड वैशाखात पाहावे. तेव्हा उघडा कातळ, खड्ड्यांत साचलेले थोडे पाणी आणि त्यावर उतरलेले बगळे, एवढेच काय ते दिसते. नदीच्या वरच्या अंगाला इसापूर येथे मोठे धरण आहे. त्यातील पाणी कालव्यांनी नांदेड, हिंगोली व यवतमाळ जिल्ह्यांतील शेतांना जाते. शेतकऱ्याच्या पिकाला पाणी मिळू नये आणि प्रवाशाच्या डोळ्यांसाठी धबधबा वाहता राहावा, असे कोणी म्हणणार नाही. तरी नदीकाठच्या खालच्या गावांनाही जनावरांसाठी आणि विहिरींसाठी तिचेच पाणी हवे असते. उन्हाळ्यात धरणातून नदीत पाणी सोडावे म्हणून ही गावे वाट पाहतात. धबधब्याचा आवाज ऐकू आला की ते पाणी आले, असे समजावे. प्रवाशाला जे दृश्य, ते गावकऱ्याला पाणी, हा भेद येथे चांगला कळतो.

पावसाळ्यात कड्याच्या टोकाशी जाण्याचा मोह मात्र टाळावा. ओल्या कातळावर शेवाळ धरते, आणि वरच्या भागात पडलेल्या पावसाने पाणी पाहता पाहता चढते. खाण्याचे कागद व प्लास्टिकच्या पिशव्या तेथेच टाकून जाणारे लोकही पुष्कळ असतात. त्यांना नदीचे दर्शन घेण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे.

नदीपलीकडे पैनगंगा अभयारण्य पसरले आहे. साग हा या वनाचा राजा. त्याच्या जोडीला ऐन, धावडा, तेंदू, पळस, मोह आणि बांबू. चितळ, रोही, रानडुक्कर, अस्वल आणि बिबट्या यांचा येथे वावर आहे. पण वनात गेल्याबरोबर बिबट्या दिसावा, अशी अपेक्षा धरून जाणारा बहुधा निराश होऊन परततो. जो पहाटे मोहाच्या झाडाखाली जाऊन उभा राहील, त्याला अधिक पाहावयास मिळेल. चैत्राच्या सुमारास मोहाची फिकट पिवळी, रसाळ फुले रात्रभर टपटप गळतात. उजाडण्यापूर्वी गोंड व कोलाम स्त्रिया टोपल्या घेऊन ती वेचू लागतात. ही फुले वाळवून ठेवतात आणि खाण्यात आणतात. पुढे येणाऱ्या फळांच्या बियांतून तेल निघते. मग विडीसाठी तेंदूची पाने तोडण्याचा हंगाम येतो. भर उन्हात पाने तोडायची, घरी आणून जुळवायची, त्यांचे पुडे बांधायचे आणि फडावर मोजून द्यायचे, या कामात घरातील लहानथोर सगळे गुंततात. प्रवाशाच्या दृष्टीने जे रान, ते या कुटुंबांच्या दृष्टीने कोठारच. एक मोह तोडला म्हणजे एका घराची कित्येक वर्षांची बेगमी गेली.

दिवाळीच्या दिवसांत किनवटला येणाऱ्याने गोंडांची दंडार चुकवू नये. अंगाला राख फासलेले आणि डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप चढवलेले घुसाडी ढोलाच्या तालावर गावोगाव नाचत जातात. ज्या गावी ते जातात, तेथे त्यांचे स्वागत पाहुण्याप्रमाणे होते. तो नाच केवळ करमणुकीचा नव्हे. त्यात देवाचे स्मरण आहे. म्हणून तो दुरून, आदराने पाहावा.

किनवटपासून सुमारे 50 किलोमीटरवर माहूर आहे. पूर्वी ते याच तालुक्यात होते, आता माहूर हा स्वतंत्र तालुका आहे. रेणुकामाता, दत्तात्रेय आणि अनसूया यांची स्थाने येथे तीन वेगवेगळ्या शिखरांवर आहेत. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत माहूरची गणना होते. मंदिरात देवीचा शेंदूरचर्चित मुखवटा, म्हणजे तांदळा, तेवढाच आहे. पूर्ण मूर्ती का नाही, याची कथा लोक सांगतात. परशुरामाने मातेचे अंत्यसंस्कार येथे केले. शोकाकुल पुत्राला माता भूमीतून पुन्हा दर्शन देणार होती. पण मागे वळून पाहू नये, अशी अट होती. त्याला धीर धरवला नाही, आणि मुखच तेवढे वर आले. गावाच्या नावाचीही एक व्युत्पत्ती सांगतात. मातेचे पूर ते मातापूर. आणि तेलुगूत गावाला ‘ऊर’ म्हणतात, त्यावरून माहूर. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, दोन भाषा एका नावात नांदताना दिसतात. देवीचा प्रसाद म्हणून येथे कुटलेल्या विड्याचा तांबूल मिळतो. महानुभाव पंथाचे देवदेवेश्वर मंदिर आणि सोनापीर दर्गा ही स्थानेही येथेच आहेत.

भाविक देवदर्शन करून परततात आणि रामगड किल्ला बहुधा पाहावयाचा राहून जातो. त्याचा हत्ती दरवाजा अजून उभा आहे. या माहूरची देशमुखीण सावित्रीबाई मोगलांच्या बाजूने लढली आणि शौर्यामुळे ‘रायबागन’, म्हणजे राजवाघीण, हा किताब तिने मिळवला. 1661 साली सह्याद्रीतील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडले, तेव्हा ती खानाच्या सैन्यात होती. लढणे व्यर्थ आहे, शरण जावे, असा स्पष्ट सल्ला तिनेच खानाला दिला आणि शेकडो सैनिकांचे प्राण वाचले. शत्रुपक्षाची असली तरी तिचे नाव आदराने घ्यावे, अशीच ती होती. माहूरच्या पायथ्याशी खडकात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांशी त्यांचा संबंध एवढाच की जुने व भव्य काही दिसले की ते पांडवांचे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

पैनगंगेच्याच काठी पुढे उनकेश्वर लागते. येथे महादेवाचे जुने मंदिर असून यादवकाळातील मराठी शिलालेख आहे. मराठी भाषा दगडावर कशी उमटत असे, हे येथे डोळ्यांनी पाहता येते. मंदिराजवळच्या कुंडांत बारमाही ऊन पाणी येते. रामाने बाण मारून ते काढले, अशी श्रद्धा आहे. शास्त्रज्ञ सांगतात की पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. फिलिपाईन्स देशात लॉस बान्योस नावाचे शहर आहे. त्या स्पॅनिश नावाचा अर्थच ‘स्नानगृहे’. तेथील ऊन झरे माकिलिंग या निद्रिस्त ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहेत. उनकेश्वरजवळ असा कोणताही ज्वालामुखी नाही, तरी पाणी ऊन आहे, हे विशेष. या पाण्यात गंधक असल्याने त्वचारोगाची माणसे दुरून येथे स्नानासाठी येतात. कोणी घृणा न करता त्यांच्या शेजारी बसते, कोणी लांब सरकते. वैद्याचे औषध सोडून केवळ कुंडावर विसंबणे बरे नव्हे; पण रोग्याजवळून लांब सरकणे त्याहूनही बरे नव्हे.

उनकेश्वर सोडल्यावर पैनगंगा पूर्वेकडे जाते आणि चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीला मिळते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. नांदेडच्या घाटांवरून वाहत गेलेले पाणी आणि किनवटच्या रानातून आलेले पाणी, एकाच जिल्ह्यातले असून, तेथे कोठे पहिल्यांदा एकमेकांना भेटते.

स्वाध्याय

किनवटच्या बाजारात अनेक भाषा का ऐकू येतात? सहस्रकुंडाचे श्रावणातील व वैशाखातील रूप आपल्या शब्दांत लिहा. मोहाचे झाड गोंड व कोलाम कुटुंबांना कसे उपयोगी पडते? आपल्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती वडीलधाऱ्यांना विचारून वहीत टिपून ठेवा.